हवेतलं गायरान

नोव्हेंबर २०२४ मध्ये सोनी कंपनीने प्लेस्टेशन ५ प्रो हा नवा कन्सोल अमेरिका, युरोप, जपान अशा बऱ्याच ठिकाणी विकायला काढला. भारतात मात्र तो आला नाही. आता तुम्ही म्हणाल, किंमत परवडणार नाही म्हणून आणला नसेल. तसं नव्हतं. कंपनीने सांगितलेलं कारण वेगळंच होतं. ह्या यंत्रात वाय-फाय ७ आहे, ते ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं, आणि ज्या देशांत तो पट्टा अजून खुला झालेला नाही तिथे हे यंत्र विकता येणार नाही. त्या देशांत भारत होता.

गेमवाल्या मंडळींनी तेव्हा बराच शंख केला. मला मात्र ही बातमी फार बोधप्रद वाटली. एरवी आपण वाय-फाय हा शब्द असा वापरतो की जणू ते राउटरच्या डब्यात भरून मिळतं. ह्या बातमीने पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की वाय-फाय राहतं हवेत, आणि हवेलाही जमिनीसारखा हिशेब असतो. कोणता तुकडा कुणाचा, कुठे कुंपण, कुठे मोकळीक, सगळं ठरलेलं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे 'गायरान' हा शब्द मला मावळात आल्यावर कळला. गावाची सामाईक जमीन. तिचा सातबारा कुणा एकाच्या नावावर नसतो, कुणीही आपली गुरं तिथे चारायला न्यावीत. मोबाइल कंपन्या लिलावात हजारो कोटी मोजून जे स्पेक्ट्रम घेतात ते त्यांचं खासगी शेत. वाय-फायचे पट्टे म्हणजे गायरान. अमेरिकेने १९८५ साली असे काही पट्टे विनापरवाना वापराला मोकळे केले. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये घराबाहेरच्या वापरालाही खुला झाला. आणि ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठीचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला.

माझं म्हणणं एवढंच आहे: गायरान सगळ्यांचं आहे, म्हणून ज्याचं घरच्या गोठ्यात भागतं त्याने तिथे गुरं नेऊ नयेत. टीव्हीखाली वर्षानुवर्षं एकाच जागी बसणाऱ्या गेम कन्सोलचं गोठ्यात भागतं. त्याला वायर लावता येते. आणि होस्टेलमध्ये ती वायर लावायची सोय नाही, लावायला परवानगीही नाही, ह्याचा त्रास फक्त गेम खेळणाऱ्यांना होत नाही. तो सगळ्यांना होतो. जी मुलगी आयुष्यात कधी गेम खेळली नाही, तिलाही होतो. कसा, ते सांगते.

आधी थोडं सीएन. घाबरू नका, ओरलला विचारतात तेवढंच.

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट सुरू केलं. बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडायचे होते. नियम सोपा होता: ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, दोघे एकदम बोलले तर दोघांचं वाया, मग थोडं थांबून पुन्हा बोलावं. ह्या पद्धतीत वेळेचा जास्तीत जास्त १८.४ टक्के भाग सत्कारणी लागतो, हे आपण पेपरात लिहून मार्क मिळवलेले आहेत. वाय-फाय हे त्याचंच सुधारलेलं नातवंड. सुधारणा अशी की बोलण्याआधी ऐकायचं. चॅनल मोकळा असेल तरच बोलायचं. तरीही मूळ मर्यादा तीच राहिली. एका चॅनलवर, एका आवारात, एका वेळी एकानेच बोलायचं. लॅनच्या वायरीत असं नसतं. तिथे प्रत्येकाची वायर स्विचपर्यंत वेगळी, आणि जाणारा-येणारा डेटा एकाच वेळी दोन्ही बाजूंनी चालतो.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल किती? तीन. १, ६ आणि ११. बस्स. ह्याच पट्ट्यात ब्लूटूथ आहे, म्हणजे आपले इयरफोन आले, आणि कन्सोलचा ब्लूटूथ कंट्रोलरही आला. मायक्रोवेव्ह ओव्हनही इथेच. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल पुष्कळ आहेत, पण त्या लहरी भिंती ओलांडताना लवकर दमतात.

आता मावळातला एक लाडका गैरसमज. जून उजाडला, लोणावळ्याकडून ढग उतरले की होस्टेलमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पाऊस आहे ना, म्हणून नेट स्लो." डिशवरचा टीव्ही पावसात जातो हे खरं आहे. तो सिग्नल ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून येतो आणि १० गिगाहर्ट्झच्या वरचा असतो, त्याला पावसाचे थेंब नडतात. खोलीतल्या राउटरच्या २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झला पाऊस जवळजवळ काहीच करत नाही. मग पावसात नेट स्लो का होतं? कधी लाइट गेलेली असते, कधी दरड किंवा खोदकामामुळे फायबर तुटलेली असते. पण ह्यातलं काही नसतानाही नेट रडतं, कारण सगळे खोलीत असतात! मैदानावर चिखल, टपरीवर छत गळतंय, भुशी डॅमला जावं तर पर्यटकांच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नाही. मग दोनशे जण आपापल्या पलंगावर आडवे होतात आणि दोनशे फोन एकाच हवेत बोलायला लागतात. नेटमध्ये पाणी शिरलेलं नसतं. गायरानात गुरं जास्त झालेली असतात.

कन्सोलला ह्याचा फटका सगळ्यांत जास्त का बसतो, तेही बघू. स्पीड आणि पिंग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सप्रेसवे सहा पदरी आहे, म्हणजे तासाला किती गाड्या जाऊ शकतात ते ठरलं. पण शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात तुमची गाडी किती वेळ उभी राहील, हे सहा पदरांवरून कळत नाही. सिनेमा बघताना हे चालतं, कारण ॲप पुढचा भाग आधीच भरून ठेवतं. ऑनलाइन मॅचमध्ये पुढचा भाग भरून ठेवता येत नाही, समोरचा अजून खेळलेलाच नसतो. म्हणून पिंग सरासरी ३० मिलिसेकंद असून उपयोग नाही. दर मिनिटाला एकदा ती २०० वर उडी मारत असेल, तर नेमक्या त्या क्षणी तुम्ही आउट. उडी का मारते? बहुतेक वेळा तुमच्या कन्सोलला हवेत बोलायची पाळीच मिळालेली नसते.

कन्सोल बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. २००६ मध्ये भारतात आलेल्या एक्सबॉक्स ३६० ला वाय-फायचं अ‍ॅडॅप्टर वेगळं विकत घ्यावं लागायचं, लॅनचा पोर्ट मात्र मागे होताच. पीएस३, पीएस४, पीएस५, एक्सबॉक्स सिरीज, सगळ्यांना तो पोर्ट आहे. जाहिरात वायरलेसची करतात, पण ह्या कन्सोलांवरचं भोक बुजवायची हिंमत अजून केलेली नाही!

सुट्टीत घरी कन्सोल जोडणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्याकडच्या घरांत फायबर दारातून येते, म्हणून राउटर चपलांच्या कपाटावर बसतो आणि टीव्ही वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये असतो. मध्ये आरसीसीचा स्लॅब. वर कुणीतरी शोभेसाठी राउटर कपाटात बंद करतं आणि कन्सोल टीव्हीच्या पाठीमागे कोंबतं. मग म्हणायचं, कंपनी लुबाडते. शक्य असेल तर राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट ५ई किंवा कॅट ६ वायर ओढा. १०० मीटरपर्यंत गिगाबिट सहज जातं, आपलं घर काही एवढं मोठं नाही. वायर शक्यच नसेल तर राउटर मोकळ्या जागी, उंचावर ठेवा, आणि कन्सोल ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा. इथे एक गंमत लक्षात ठेवा. २०१३ चा मूळ पीएस४ फक्त २.४ वर चालतो. त्याला ५ चं नाव दिसतच नाही आणि लोक तो दुरुस्तीला नेतात. तसंच राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ सुरक्षा लावली असेल, तर जुने कन्सोल जोडले जात नाहीत. दुकानात नेण्याआधी ह्या दोन गोष्टी तपासा, फेरी वाचेल.

हे झालं घरचं. आता होस्टेल.

बहुतेक होस्टेलांच्या वाय-फायला दोनपैकी एक कुलूप असतं. एक तर ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडतं, किंवा प्रत्येकाला स्वतंत्र नाव-पासवर्ड असलेली एंटरप्राइज पद्धत असते. लॅपटॉप आणि फोनला दोन्ही जमतं. कन्सोलला दुसरी पद्धत समजतच नाही आणि पहिलीत कधी पान उघडतं, कधी उघडत नाही. म्हणजे नियमाप्रमाणे वागायची इच्छा असली तरी कन्सोल आत येऊ शकत नाही. वर कन्सोल दिसला की जप्त, असा नियम असेल तर विषयच संपला.

पण विषय संपत नाही. गेट रात्री बंद झाल्यावर मुली काय करतात? मुलांच्या गेटपेक्षा आमचं गेट बऱ्याच ठिकाणी लवकर बंद होतं, हे सर्वांना माहीत आहे. त्यानंतर मैदान नाही, कँटीन नाही. ज्यांना खेळायचंय त्या फोनचा हॉटस्पॉट चालू करतात. मुलांच्या होस्टेलमध्येही हेच चालतं. इथेच सगळ्यांचं नुकसान सुरू होतं.

हिशेब करून बघा. हॉटस्पॉट म्हणजे एक छोटा राउटरच. तो कुणी काही डाउनलोड करत नसलं तरी सेकंदाला साधारण दहा वेळा "मी इथे आहे" अशी हाळी देतो. ही हाळी सावकाश वेगाने दिली जाते, म्हणजे हवा जास्त वेळ अडवते. एका मजल्यावर वीस खोल्या आणि वीस हॉटस्पॉट धरा. सेकंदाला दोनशे हाळ्या! बरेच फोन हॉटस्पॉट २.४ वरच चालवतात, म्हणजे ह्या सगळ्या हाळ्या त्याच तीन चॅनलांत. ह्या गोंगाटात कॉलेजच्या राउटरने बोलायचं, आणि ज्या बिचारीचं सकाळी सबमिशन आहे तिने फाइल अपलोड करायची. तिची फाइल अडकते ती हवेत. कॉलेजने कितीही मोठी लाइन घेतली तरी ती अडकणार. दर वर्षी जीएसमध्ये "बँडविड्थ वाढवा" म्हणून ओरडा होतो. बँडविड्थ वाढवणं म्हणजे धरणात पाणी वाढवणं. नळ तेवढाच राहिला तर बादली भरायला वेळ तेवढाच लागणार.

आणि हॉटस्पॉटवर खेळणाऱ्याचं तरी काय भलं होतं? त्याचा डेटा आधी खोलीतल्या हवेतून फोनपर्यंत, मग डोंगरापलीकडच्या टॉवरपर्यंत पुन्हा हवेतून. दोनदा रांगेत उभं राहायचं. पिंग कधी ४०, कधी ४००. थोडक्यात काय, तर एका नियमाने खेळणाऱ्याचा खेळ बिघडतो आणि अभ्यास करणाऱ्याचा अभ्यासही.

आता स्टाफची बाजू. ती नाही असं मी म्हणत नाही.

पहिला आक्षेप: नेटवर लोड येईल. ऑनलाइन मॅच चालू असताना जाणारा डेटा फार नसतो, बहुतेक खेळांत तासाला शे-दीडशे एमबी किंवा त्याहून कमी. एचडी चित्रपट तासाला ३ जीबीपर्यंत घेतो, हा नेटफ्लिक्सचा स्वतःचाच आकडा. भार येतो तो गेम डाउनलोड करताना. मोठा गेम १०० जीबीचाही असतो. ५० एमबीपीएसच्या लाइनवर त्याला जवळपास साडेचार तास लागतात, आणि तेवढा वेळ ती लाइन त्याचीच. म्हणून डाउनलोडवर बंधन घाला, रात्री दोननंतरच परवानगी द्या. ते योग्यच होईल.

दुसरा आक्षेप: कोण काय करतंय ह्याची नोंद राहिली पाहिजे. शंभर टक्के मान्य. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस सांभाळायला सांगितलं आहे, आणि उद्या काही भानगड झाली तर विचारणा कॉलेजलाच होणार. पण आज हॉटस्पॉटवर काय चालतं ह्याची कॉलेजकडे कोणतीच नोंद नाही. कन्सोलचा मॅक अ‍ॅड्रेस, विद्यार्थ्याचं नाव आणि खोली नंबर लिहून घेतला तर नोंद होते. परदेशातल्या कित्येक विद्यापीठांत होस्टेलचे कन्सोल असेच नोंदवून घेतात. मॅक अ‍ॅड्रेस खोटा करता येतो, हे मलाही माहीत आहे. म्हणूनच ह्या यंत्रांसाठी वेगळा व्हीलॅन ठेवायचा, तिथून कॉलेजच्या सर्व्हरकडे जायला बंदी, वेगाला मर्यादा. आपल्याच कॉम्प्युटर विभागातल्या टीईच्या मुलांना मिनी प्रोजेक्ट म्हणून दिलं तरी होईल.

तिसरा आक्षेप: खेळायला परवानगी दिली तर मुलं अभ्यास करणार नाहीत, आणि गेमिंग म्हणजे जुगार. जुगाराचं म्हणाल, तर २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम वेगळे काढून त्यांच्यावर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती. दोन गोष्टी एका पिशवीत घालू नयेत. आणि अभ्यासाचं म्हणाल, तर ज्याला अभ्यास करायचा नाही त्याला खिडकीबाहेरचा धुकटही पुरतो! आमच्यावर वेळेचं बंधन जरूर घाला. पीएलमध्ये पूर्ण बंद ठेवा. बंधन पाळायला आमची ना नाही. बंधन असं हवं की ते पाळता येईल आणि पाळलं तर सगळ्यांचा फायदा होईल.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक होस्टेलच्या कॉमन रूममध्ये टीव्हीजवळ चार लॅन पोर्ट द्यावेत. कन्सोल तिथेच, वायरीवर, नोंदणी करून, ठरलेल्या वेळेतच चालावा. खोलीत कन्सोल नको. कॉमन रूममध्ये असला की रेक्टर मॅडमना येता-जाता दिसतो, आणि एकटीने खोलीत बसून खेळण्यापेक्षा चौघी मिळून खेळतात. खर्च एक स्विच आणि थोडी वायर. नवा राउटर बसवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल, आणि हवेतली गर्दी कमी होईल ती वेगळीच.

मित्र-मैत्रिणींनो, आपल्या बाजूनेही काही देणं आहे. काम झाल्यावर हॉटस्पॉट बंद करा. नुसता चालू ठेवला तरी तो हाळ्या देत राहतो. लॅपटॉप टेबलावर असेल आणि खोलीत पोर्ट असेल तर वायर लावा. फोनला वायर लावता येत नाही, हवा त्याच्यासाठी सोडा. १०० जीबीचा गेम परीक्षेच्या आदल्या रात्री उतरवू नका. सरकारने पट्टे मोकळे केले ते सगळ्यांनी वापरावेत म्हणून, आणि उद्या ६ गिगाहर्ट्झवर चालणारे राउटर आपल्या मजल्यावर आले तरी आपली सवय अशीच राहिली तर तेही भरून जातील.

मागणीचा अर्ज मी लिहून मेसच्या नोटीस बोर्डाखाली ठेवला आहे. पटलं तर सही करा. न खेळणाऱ्यांच्या सह्या जास्त हव्यात, कारण अडकलेली फाइल त्यांचीही आहे. आणि ज्यांना लॅनची वायर क्रिंप करता येते त्यांनी सहीपुढे तसं लिहा. परवानगी मिळाली तर पहिल्या शनिवारी कामाला लागू.